वाकड्या रेणूंच्या नेमॅटिकमध्ये बेंड स्थिरांक इतका लहान का असतो, आणि श्यानता त्याच्या मागोमाग का जात नाही?

कोनस्थ (प्रश्न)

नमस्कार. नेमॅटिक द्रव स्फटिकांच्या, म्हणजे ज्या द्रवांत रेणू साधारण एकाच दिशेने रोखलेले असतात त्यांच्या, स्थितिस्थापक आणि श्यान गुणधर्मांचा मी सध्या अभ्यास करीत आहे. त्यातील काही मुद्द्यांवर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दंडाकार रेणूंच्या नेमॅटिकमध्ये फ्रँकच्या तीन स्थिरांकांचा (माध्यम विरूपणाला किती विरोध करते त्याच्या मापांचा) क्रम बहुधा ठरलेला दिसतो. डायरेक्टरच्या, म्हणजे रेणूंच्या सरासरी दिशेच्या, रेषा फाकत जातात तेव्हा लागणारा स्प्ले स्थिरांक के१, त्या एकमेकींशी तिरप्या होत पिळल्या जातात तेव्हाचा ट्विस्ट स्थिरांक के२ आणि त्या स्वतःच वाकतात तेव्हाचा बेंड स्थिरांक के३, यांपैकी के३ सर्वांत मोठा आणि के२ सर्वांत लहान असतो. ५सीबी या दंडाकार रेणूंच्या पदार्थासाठी खोलीच्या तापमानाजवळ हे आकडे अनुक्रमे सुमारे ६, ४ आणि ८ पिकोन्यूटन असे आढळतात. वाकड्या रेणूंमध्ये मात्र हा क्रम उलटतो आणि के३ हा के१पेक्षा लहान होतो. सीबी७सीबी या डायमरमध्ये, म्हणजे दोन सायनोबायफेनिल भुजा सात मिथिलीन गटांच्या लवचीक साखळीने जोडलेल्या रेणूत, तो तिघांमध्येही सर्वांत लहान असल्याचे वाचले.

माझे प्रश्न असे आहेत. रेणूच्या वाकडेपणामुळे के३ कमी होण्याची नेमकी यंत्रणा कोणती? तापमान उतरत जाताना तो शून्यापर्यंत का पोहोचत नाही? श्यानतेबाबत वाचलेल्या गोष्टी तर परस्परविरोधी वाटतात: एके ठिकाणी वाकड्या रेणूंची श्यानता दंडाकार रेणूंच्या दहापट ते शंभरपट असल्याचे म्हटले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती जवळपास सारखीच असल्याचे. शिवाय प्रकाश-प्रकीर्णनाच्या प्रयोगात शिथिलन दर, म्हणजे डायरेक्टरची थरथर शमण्याचा वेग, स्थिरांक आणि श्यानता यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. मग दर मंदावला, तर तो स्थिरांक घटल्यामुळे की श्यानता वाढल्यामुळे, हे कसे ओळखायचे?

वक्ररेखा

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

सरळ दांड्यांच्या नेमॅटिकमध्ये बेंड महाग पडतो, कारण लांब आणि ताठ रेणूला वाकलेल्या डायरेक्टरशी आपल्या संपूर्ण लांबीभर जुळून राहता येत नाही. वाकड्या रेणूची गोष्ट वेगळी आहे. गोल भिंतीत वक्र वीट नेमकी बसते, पण तीच वीट सरळ भिंतीत लावली की फटी राहतात. वाकडा रेणूही वाकलेल्या डायरेक्टरमध्ये सरळ डायरेक्टरपेक्षा सुखाने बसतो. मात्र येथे एक अट आहे. रेणूचे कोपरे, म्हणजे त्याची बहिर्वक्र बाजू, सर्व दिशांना सारख्याच प्रमाणात वळलेले असतील, तर हा फायदा सरासरीत नाहीसा होतो. बेंडच्या दिशेला थोडे जास्त कोपरे वळले, म्हणजेच तेथे थोडासा ध्रुवीय क्रम निर्माण झाला, तरच ऊर्जा वाचते.

हे गणिताच्या भाषेत मांडणे सोपे आहे. ऊर्जेत तीन पदे घ्या: बेंडच्या वर्गाशी निगडित मूळ के३चे पद, ध्रुवीय क्रमाच्या वर्गाशी निगडित ‘म’ या गुणांकाचे पद, आणि बेंड व ध्रुवीय क्रम यांच्या गुणाकाराशी निगडित ‘ल’ या गुणांकाचे, ऊर्जा कमी करणारे पद. ध्रुवीय क्रमाला स्वतःचे किमान शोधू दिले की तो बेंडच्या प्रमाणात येतो, आणि उरते ते असे:

प्रभावी के३ = मूळ के३ − (ल² ÷ म)

यातील ‘म’ हा गुणांक ध्रुवीय क्रम निर्माण करण्याला माध्यम किती विरोध करते ते सांगतो. तापमान उतरत जाते तसे शेजारचे रेणू आपले कोपरे एकाच बाजूला ठेवू लागतात, ‘म’ घटतो, वजा होणारे पद वाढते आणि के३ खाली येतो. ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे रेणू किती एकदिश आहेत याचे माप, मात्र तापमान उतरताना वाढत असतो, आणि साध्या मध्यमान-सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थिरांक त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायला हवा. म्हणून के३चा नुसता आलेख पाहू नये. द्विअपवर्तनावरून (डायरेक्टरच्या दिशेतील आणि आडव्या दिशेतील अपवर्तनांकांच्या फरकावरून) ऑर्डर पॅरामीटर काढून त्याच्या वर्गाने के३ला भागावे आणि मग आलेख पाहावा. रेणूंच्या वाकडेपणाचा परिणाम त्यात स्वच्छ दिसतो.

सीबी७सीबीमध्ये हे दोन्ही कल एकाच आलेखात दिसतात. सुमारे ११६ अंश सेल्सिअसला समदिक् द्रवातून (ज्यात रेणूंना ठरावीक दिशा नसते) नेमॅटिक अवस्था तयार होते, तेव्हा ऑर्डर पॅरामीटर वेगाने वाढत असल्यामुळे के३ आधी वाढतो. नंतर ध्रुवीय परिणाम वरचढ होतो आणि के३ घसरत अर्ध्या पिकोन्यूटनच्याही खाली जातो. सुमारे १०३ अंशांला पुढची अवस्था येते, पण तिच्या अगदी उंबरठ्यावर तो पुन्हा किंचित वर वळतो.

ही पुढची अवस्था म्हणजेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. के३ ऋण झाला, तर सरळ डायरेक्टर अस्थिर होतो आणि माध्यमाला सर्वत्र बेंड हवासा वाटतो. परंतु निव्वळ बेंडने अवकाश एकसारखा भरता येत नाही. सोबत ट्विस्ट किंवा स्प्ले घ्यावाच लागतो. रॉबर्ट मेयर यांनी १९७०च्या दशकात अशा रचनांची शक्यता दाखवली होती. इव्हान डोझोव्ह यांनी २००१ मध्ये ऋण के३ गृहीत धरून निकष दिला: के१ हा के२च्या दुपटीपेक्षा मोठा असेल तर ट्विस्ट-बेंड अवस्था (डायरेक्टर मळसूत्रासारखा फिरतो), नसेल तर स्प्ले-बेंड (तो एकाच प्रतलात आलटून-पालटून वाकतो). सीबी७सीबीमध्ये नेमॅटिकच्या संपूर्ण तापमानपट्ट्यात के१ आणि के२ यांचे गुणोत्तर दोनपेक्षा मोठे भरते, आणि २०११ च्या सुमारास जी अवस्था ओळखली गेली ती ट्विस्ट-बेंडच आहे. तिच्या मळसूत्राचा एक फेरा सुमारे ८ नॅनोमीटरचा, म्हणजे जेमतेम काही रेणूंच्या लांबीचा असतो. दहा वर्षांपूर्वी कागदावर काढलेला निकष पुढे एका खऱ्या पदार्थात असा उतरावा, हे मला या संपूर्ण विषयातील सर्वांत देखणे उदाहरण वाटते.

के३ शून्याला टेकत नाही, कारण हे संक्रमण पहिल्या प्रकारचे आहे, म्हणजे गुणांक शून्य होण्याआधीच पदार्थ उडी घेऊन नव्या अवस्थेत जातो. शेवटच्या किंचित वाढीचे स्पष्टीकरण सहसा असे दिले जाते: संक्रमणाच्या जवळ नेमॅटिकमध्येच ट्विस्ट-बेंड रचनेचे क्षणजीवी पुंजके तयार होतात. त्यांतील मळसूत्राचे समान टप्पे थरांसारखे वागतात, आणि समान अंतर राखणाऱ्या थरांना लंब असणाऱ्या अक्षाला बेंड व ट्विस्ट दोन्ही जड जातात. स्मेक्टिक-ए अवस्थेच्या (जीत रेणू थरांत रचले जातात) अलीकडे के२ आणि के३ का वाढतात, याचेही कारण मुळात हेच आहे.

ध्रुवणदर्शी

वरील विवेचन डायमरसाठी मला मान्य आहे, परंतु ते सर्व वाकड्या रेणूंना लावण्यास माझी हरकत आहे. मध्यभागी ताठ आणि वाकडा गाभा असलेल्या रेणूंच्या नेमॅटिकमध्येही के३ हा के१पेक्षा लहान असतो, पण त्यांतील अनेक पदार्थ ट्विस्ट-बेंड अवस्थेकडे जातच नाहीत आणि त्यांचा के३ तापमानाबरोबर तसा कोसळतही नाही. बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत तर दंडाकार नेमॅटिकमध्ये वाकड्या गाभ्याचे रेणू मिसळून के३ घटत असल्याचे मोजले गेले आहे. तेव्हा वाकड्या आकाराचा थेट परिणाम आणि ध्रुवीय क्रमाची तापमानागणिक होणारी वाढ या दोन गोष्टी अलग ठेवाव्यात.

आणखी एक सावधगिरी. बेंड आणि ध्रुवीयता यांच्या जोडणीचा विषय निघाला की फ्लेक्सोविद्युत गुणांकाचा (डायरेक्टर वाकवल्यावर किती विद्युत ध्रुवीकरण निर्माण होते त्याच्या मापाचा) २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रचंड आकडा पुराव्यादाखल पुढे केला जातो. तो साधारण नेमॅटिकच्या सुमारे हजारपट होता. त्यानंतर वेगळ्या पद्धतींनी केलेल्या मोजणीत वाकड्या गाभ्याच्या नेमॅटिकचा गुणांक दंडाकार रेणूंच्या तोडीचाच आढळला. के३ कमी होण्यासाठी कोपऱ्यांचा आकारजन्य क्रम पुरेसा आहे. त्या क्रमासोबत मोठे विद्युत ध्रुवीकरण असलेच पाहिजे असे नाही.

वक्ररेखा

हरकत योग्य आहे. माझ्या सूत्रातील ध्रुवीय क्रम हा आकाराचा क्रम आहे, विद्युत द्विध्रुवांचा नव्हे, हे मीच स्पष्ट लिहायला हवे होते असे कोणाला वाटल्यास येथे नोंदवून ठेवतो. डायमरमध्ये साखळीतील मिथिलीन गटांची संख्या विषम असेल तरच दोन भुजा एकमेकींशी कोन करतात. सम संख्येत त्या जवळपास समांतर राहतात. दोन्हींच्या टोकांना तोच सायनो गट आणि तेच विद्युत द्विध्रुव असूनही के३ची घसरण विषम मालिकेत दिसते, हे आकाराच्या बाजूने बोलणारे साधे आणि बळकट प्रमाण आहे.

मंदगती

श्यानतेविषयी आणि मोजणीविषयी मी लिहितो, कारण मूळ प्रश्नातील सर्वांत व्यावहारिक भाग तोच आहे.

प्रकाश-प्रकीर्णनातून एक नव्हे, दोन स्वतंत्र राशी मिळतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. डायरेक्टरच्या उष्णताजन्य थरथरीमुळे विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तापमानाच्या सम प्रमाणात आणि ‘स्थिरांक × तरंगसदिशाचा वर्ग’ या राशीच्या व्यस्त प्रमाणात असते (तरंगसदिश म्हणजे थरथरीच्या लाटा किती दाट आहेत त्याचे माप). तिच्यात श्यानता येतच नाही. थरथर किती वेगाने शमते तो शिथिलन दर म्हणजे ‘स्थिरांक × तरंगसदिशाचा वर्ग ÷ श्यानता’. म्हणून तीव्रतेवरून स्थिरांक काढावा आणि मग ‘स्थिरांक × तरंगसदिशाचा वर्ग’ या राशीला दराने भागून श्यानता काढावी. दर मंदावला आणि तीव्रता तेवढ्याच पटीने वाढली, तर स्थिरांक घटला आहे. दर मंदावला आणि तीव्रता जागच्या जागी राहिली, तर श्यानता वाढली आहे.

या पद्धतीची खरी अडचण तीव्रतेच्या निरपेक्ष मापात आहे. विखुरलेला प्रकाश द्विअपवर्तनावरही जोरकसपणे अवलंबून असतो, आणि तापमानाबरोबर द्विअपवर्तन बदलत असते. त्यामुळे निदान एक स्थिरांक दुसऱ्या पद्धतीने काढून त्यावर सर्व मापे टेकवावीत. के१ यासाठी सोयीचा आहे. घासलेल्या पृष्ठभागांमध्ये डायरेक्टर काचेला समांतर धरून फ्रीडेरिक्स संक्रमणाचा उंबरठा (ज्या क्षेत्रापलीकडे डायरेक्टर वळू लागतो ते क्षेत्र) मोजला, की उंबरठ्याचे व्होल्टेज = पाय × √(के१ ÷ (निर्वाताची विद्युतपारगम्यता × डायइलेक्ट्रिक फरक)) या सूत्राने (डायइलेक्ट्रिक फरक म्हणजे डायरेक्टरच्या दिशेतील आणि आडव्या दिशेतील डायइलेक्ट्रिक स्थिरांकांची वजाबाकी) के१ थेट मिळतो, आणि त्यात सेलची, म्हणजे दोन काचांमधील थराची, जाडीसुद्धा लागत नाही. ५सीबीसाठी हे व्होल्टेज पाऊण व्होल्टच्या आसपास येते.

मात्र डायइलेक्ट्रिक फरक धन असेल तरच हे चालते. सीबी७सीबीमध्ये तो धन आहे, पण दोन्ही भुजांचे द्विध्रुव एकमेकांना अंशतः नाहीसे करीत असल्यामुळे भुजेच्या मानाने तो लहान आहे. ताठ गाभ्याच्या अनेक पदार्थांत तो चक्क ऋण असतो. तेथे चुंबकीय क्षेत्र वापरावे. २० मायक्रोमीटर जाडीच्या सेलमध्ये, के१ ६ पिकोन्यूटन आणि चुंबकीय ग्राह्यतेतील फरक १०⁻⁶ धरल्यास उंबरठा सुमारे ०.४३ टेस्ला येतो. साध्या विद्युतचुंबकाच्या तो आवाक्यात आहे. ऋण फरकाच्या पदार्थात डायरेक्टर काचेला लंब उभा करून विद्युतक्षेत्रानेच के३चा उंबरठा मोजावा, हा मार्ग कागदावर आकर्षक दिसतो, परंतु वाकड्या गाभ्याचे रेणू काचेवर एकसारखे लंब उभे राहण्यास फार नाखूष असतात. माझ्या मते तेथे वेळ घालवण्यापेक्षा प्रकीर्णनावर भिस्त ठेवणे बरे.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. तरंगसदिश प्रतिमीटर १०⁷ आणि श्यानता ०.०५ पास्कल-सेकंद धरा. स्थिरांक १० पिकोन्यूटन असेल तर थरथर शमण्यास सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात; ०.४ पिकोन्यूटन असेल तर तोच काळ सव्वा मिलिसेकंद होतो आणि तीव्रता पंचवीसपट वाढते. सूक्ष्मदर्शकातून काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये नेमॅटिक पाहिले, की जी चमचम सतत चाललेली असते, ती ट्विस्ट-बेंड संक्रमणाकडे जाताना अधिक ठळक आणि आळसावलेली होत जाते. मग एका क्षणी ती थिजते, आणि थोड्या वेळाने घासण्याच्या दिशेला समांतर अशा बारीक रेघा सेलभर उमटतात.

आता श्यानता. तुम्ही वाचलेली दोन्ही विधाने खरी आहेत. ती वेगवेगळ्या पदार्थांबद्दल आहेत. पाच वलयांच्या ताठ, वाकड्या गाभ्याच्या नेमॅटिकमध्ये भ्रमण-श्यानता (डायरेक्टर वळण्यास होणारा रोध) आणि प्रवाह-श्यानता (द्रव वाहण्यास होणारा रोध) दोन्ही दंडाकार रेणूंच्या कितीतरी पट, दहा किंवा त्याहून अधिक पट, मोजल्या गेल्या आहेत. त्याचे कारण एकट्या रेणूच्या आकारात शोधून पुरत नाही. क्ष-किरणांच्या विवर्तनात या पदार्थांच्या नेमॅटिक अवस्थेतही लहान कोनांवर चार ठिपके दिसतात, म्हणजे तिरप्या स्मेक्टिक-सी थरांचे तुकडे नेमॅटिकमध्ये टिकून असतात. डायरेक्टर वळायचा म्हणजे हे समूह तुटायला किंवा संपूर्ण समूह वळायला हवा, आणि तेथे वेळ जातो. सीबी७सीबीसारख्या डायमरमध्ये साखळी लवचीक असते, असे थर बनत नाहीत, आणि स्प्ले, ट्विस्ट व बेंड या तिन्ही थरथरींशी निगडित श्यानता दंडाकार रेणूंच्या श्यानतेशी तुलना करण्याजोग्या निघतात. ट्विस्ट-बेंड संक्रमणाच्या जवळ मात्र तिन्ही एकदम चढतात, आणि तेथे वर उल्लेखिलेल्या पुंजक्यांचाच हात असावा असे मानण्यास जागा आहे.

‘तुलना करण्याजोग्या’ या शब्दांवर मात्र समाधान मानू नये. ५सीबीची भ्रमण-श्यानता २५ अंशांला सुमारे ०.०८ पास्कल-सेकंद असते. सीबी७सीबीची मोजणी १०० अंशांच्या वर होते. त्या तापमानाला कोणताही साधा द्रव पातळ झालेला असतो. तरीही आकडे त्याच घरात येत असतील, तर डायमर मुळातच अधिक जड हालचालीचा आहे असे मी म्हणेन. अशी तुलना संक्रमण-तापमानापासूनच्या अंतराशी आणि श्यानतेच्या तापमानसंवेदनेशी जोडूनच करावी.

कोनस्थ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न उरतो. बेंड, स्प्ले आणि ट्विस्ट यांच्या तीन श्यानता वेगवेगळ्या का निघतात? तिन्हींत डायरेक्टर वळतोच ना?

मंदगती

डायरेक्टर वळतो, पण तो वळताना द्रवालाही ओढतो. ट्विस्टच्या थरथरीत हा प्रतिप्रवाह निर्माण होत नाही, म्हणून ट्विस्टची श्यानता म्हणजे निव्वळ भ्रमण-श्यानता. स्प्लेमध्ये प्रतिप्रवाहाची मदत नगण्य असते. बेंडमध्ये ती मोठी असते: भ्रमण-श्यानतेतून लेस्लीच्या दुसऱ्या गुणांकाचा (डायरेक्टरचे वळणे आणि प्रवाह यांना जोडणाऱ्या एका श्यानता-गुणांकाचा) वर्ग भागिले मिएसोविझची (डायरेक्टरची दिशा पक्की धरून मोजलेली) सर्वांत मोठी प्रवाह-श्यानता, एवढे वजा होते. एमबीबीए या दंडाकार रेणूंच्या पदार्थात या वजाबाकीनंतर भ्रमण-श्यानतेचा साधारण एक-चतुर्थांश भागच उरतो. म्हणून दंडाकार नेमॅटिकमध्ये बेंडची थरथर सर्वांत लवकर शमते: स्थिरांक मोठा आणि श्यानता लहान. वाकड्या रेणूंत स्थिरांकाची बाजू उलटते, आणि बेंड हाच सर्वांत मंद प्रकार होऊ शकतो.

उपकरणाच्या दृष्टीने याचा अर्थ लहान नाही. ५ मायक्रोमीटरच्या सेलमध्ये क्षेत्र काढल्यावर परतीचा काळ ‘श्यानता × जाडीचा वर्ग ÷ (स्थिरांक × पायचा वर्ग)’ या सूत्राने काढा. ०.०८ पास्कल-सेकंद आणि ६.२ पिकोन्यूटनला तो सुमारे ३३ मिलिसेकंद येतो. ताठ गाभ्यासाठी श्यानता दहापट आणि स्थिरांक २ पिकोन्यूटन धरला, तर तो एक सेकंद होतो.

ध्रुवणदर्शी

लहान के३चा उपयोग जेथे खरोखर होतो, ते उदाहरणही येथे यावे. अशा डायमरच्या मिश्रणात थोडा किरल (उजवा-डावा भेद असलेला) पदार्थ घालून विद्युतक्षेत्र लावले, की डायरेक्टर क्षेत्राशी तिरपा राहून मळसूत्रासारखा फिरतो. के३ हा के२पेक्षा लहान असेल तरच ही अवस्था टिकते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भाकीत झालेली ही रचना प्रत्यक्ष मिळण्यास सीबी७सीबीसारख्या पदार्थांची वाट पाहावी लागली. तिच्यात मळसूत्राचा फेरा = (२ × पाय ÷ क्षेत्र) × √(के३ ÷ (निर्वाताची विद्युतपारगम्यता × डायइलेक्ट्रिक फरक)). के३ ०.५ पिकोन्यूटन, फरक ५ आणि क्षेत्र प्रति मायक्रोमीटर २ व्होल्ट धरा: फेरा सुमारे ०.३३ मायक्रोमीटर येतो, आणि अपवर्तनांक १.६ असल्यास परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५३ मायक्रोमीटर, म्हणजे हिरवा रंग. क्षेत्र कमी केले की फेरा लांबतो आणि रंग तांबड्याकडे सरकतो. तो किती चटकन सरकेल, ते मात्र वर मंदगती यांनी लिहिलेल्या गुणोत्तराने ठरते, आणि तेथे के३चा लहानपणा फायद्याचा राहत नाही.